बोलावलं एकाला

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात ऑक्टोबर सरत आला की पांढऱ्या शेपटीच्या हरणांचे नर माजावर येऊ लागतात. पानगळीने रान उघडं पडलेलं असतं. अशा वेळी जनावरांच्या वाटेच्या कडेला, खाली झुकलेल्या एखाद्या फांदीच्या बरोबर खाली, जमिनीचा एक तुकडा स्वच्छ उकरलेला दिसतो. पाचोळा बाजूला सारलेला. ओली, काळी माती वर आलेली.

नर तिथं येतो. आधी फांदी हुंगतो. मग ती तोंडात धरतो, चावतो, चाटतो. तिला कपाळ घासतो. डोळ्याच्या कोपऱ्याशी एक ग्रंथी असते, तीही घासतो. नंतर पुढच्या खुरांनी माती उकरतो. दोन खुरांच्या बेचक्यातही एक ग्रंथी असते; तिचा वास मातीत उतरतो. शेवटी मागचे दोन्ही पाय जवळ घेतो आणि पायांच्या सांध्यांशी, आतल्या बाजूला केसांचे जे झुपके असतात, त्यांच्यावरून ओघळेल अशा बेताने मुततो. माजाच्या दिवसांत हे झुपके जवळजवळ काळे पडतात. त्यांच्यावर वाढणारे जिवाणू त्या वासात आपली भर घालतात.

मग तो निघून जातो. बोलणारा गेला, बोलणं उरलं.

आपलं उलटं आहे. आपण समोर असतो तेव्हाच बोलतो, आणि बरेचदा समोर असूनही बोलायचं राहून जातं. हरणाला समोर असावं लागत नाही. मी कोण, कोणत्या वयाचा, कसा आहे, किती वेळापूर्वी इथं होतो, हे सगळं तो फांदीवर आणि मातीत ठेवतो आणि चरायला जातो. नंतर दुसरा नर येतो. तो पहिल्याचं काही पुसत नाही. त्याच फांदीला, त्याच मातीत आपलं घालतो. मादी येते, हुंगते, तीही कधी आपलं ठेवून जाते. एकाच उकरलेल्या जागेवर अनेकांचा वावर असतो, आणि बहुतेक येणं-जाणं रात्रीचं. एकमेकांची गाठ पडेलच असं नाही.

शिकाऱ्यांना ही जागा ओळखता येते. ज्याला सापडत नाही, तो ती तयार करतो. काठीने माती उकरतो, वरची फांदी वाकवून बांधतो आणि दुकानातून आणलेल्या बाटलीतले थेंब टाकतो. बाटलीत मादीचं मूत्र असतं, हरणं पाळणाऱ्या फार्मवर गोळा केलेलं. मादी माजावर असतानाच ते घेतलं, असं बाटलीवर छापलेलं असतं. छापलेलं कितपत खरं, हा प्रश्न शिकारी एकमेकांना विचारतात आणि पुढच्या हंगामात पुन्हा बाटली घेतात. मग समोरच्या खोडाला कॅमेरा बांधतात. काही हललं की तो आपोआप चालू होतो.

माझा भाचा तिकडे असतो. त्याच्या शेजाऱ्याने आपल्या रानात असाच कॅमेरा लावलाय. त्यातल्या चित्रफिती भाचा मला पाठवतो, आणि सकाळचा चहा घेता घेता मी त्या पाहतो. मला शिकारीत रस नाही. त्या काळ्या-पांढऱ्या, मुक्या चित्रांत मात्र आहे. हरीण येतं, हे अपेक्षितच. पण त्याच्यामागून कोयोटी येतो. कोयोटी म्हणजे आपल्या कोल्ह्याहून मोठा, लांडग्याहून लहान असा तिकडचा प्राणी. तो मातीला नाक लावतो, थबकतो, पाय वर करतो आणि चालू लागतो. रकून येतो, हातांनी माती चाचपून जातो. कधी काळं अस्वल येतं. त्या फांदीच्याच झाडाला पाठ लावून सावकाश घासतं, जणू त्याच्याचसाठी ही व्यवस्था केली होती. आखूड शेपटीचं रानमांजर मागच्या पायांनी पाचोळा ओरबाडून, त्यावर आपला थेंब टाकून अंधारात नाहीसं होतं.

बोलावलं एकाला. आलं सगळं रान.

हे पाहताना मला जुन्या एसटी स्टँडवरचे खांब आठवतात. तंबाखू मळून झाली की बोटाला चुना उरतो. तो पुसायला माणूस जवळचा खांब गाठतो. एकाने पुसला, की पुढचा त्याच्याशेजारी पुसतो. समोर दुसरा कोरा खांब असला तरी बोटं याच खांबावर जातात. काही वर्षांत खांब पांढऱ्या रेघांनी भरून जातो. कोणी ठरवलेलं नसतं, कोणी वाचत नसतं; पण जिथं कुणीतरी आधी बोट पुसलं, तिथंच आपलंही पुसावं असं वाटतं खरं. फरक एवढाच की रानातल्या खांबावरचं वाचलं जातं.

आणि ही खोड तिकडच्याच रानांची नव्हे. आपल्या ताडोबात, मेळघाटात चितळाचा नर मागच्या दोन पायांवर उभा राहून वरच्या फांदीला तोंड घासतो. सांबरही घासतं. रेहेकुरीच्या माळावर काळवीट आपल्या हद्दीत ठरलेल्या जागी लेंड्या टाकतो, त्यांचे ढीग होतात. विदर्भातल्या शेतकऱ्याला रोह्याचे असे ढीग चांगले ठाऊक असतात. पिकाची नासाडी केल्यावर शिवाय सही करून गेल्यासारखे ते त्याला दिसतात, आणि त्याचा राग मला समजतो. पाणवठ्याशेजारी वनखातं हरणांसाठी मीठ ठेवतं. मिठाला सांबर येतं. सांबर येतं तिथून वाघही जातो. जाताना शेपटी उभारून तो मागे, तिरपा वर फवारा मारतो. त्याला थोडं कललेलं झाड आवडतं. कललेल्या बाजूखाली पाऊस लागत नाही, आणि वास जास्त दिवस टिकतो.

ताज्या खुणेजवळून गेलेली माणसं सांगतात, शिजत्या सुवासिक भातासारखा वास येतो. रतनलाल ब्रह्मचारी या बंगाली शास्त्रज्ञाने या वासामागे आयुष्याची बरीच वर्षं घातली. बासमतीला ज्या रेणूमुळे वास येतो तोच वाघाच्या फवाऱ्यात आहे, असं त्यांनी मांडलं. आपल्या आंबेमोहोराचा दरवळही त्याच रेणूचा. मुळशी-मावळकडच्या ज्या घरात आंबेमोहोर शिजतो, तिथल्या बाईला हे सांगितलं तर ती आधी हसेल आणि मग झाकण काढून एकदा वास घेऊन पाहील.

वास आणि मृग एकत्र आले की आपल्याकडे लगेच कस्तुरी निघते आणि पाठोपाठ उपदेश. त्या बिचाऱ्याला आपण शतकानुशतकं वेडा ठरवलंय, स्वतःजवळचं बाहेर शोधणारा. हिमालयातला खरा कस्तुरीमृग आपल्या शेपटीशी असलेली ग्रंथी काड्यांना, झुडपांच्या देठांना घासत हिंडतो. तो शोधत नसतो. सांगत असतो.

स्वतःचा वास स्वतःला कळतो का, हा प्रश्न मात्र खरा आहे. कोलोरॅडोतल्या बोल्डर गावी मार्क बेकॉफ नावाचे प्राध्यापक आपल्या जेथ्रो नावाच्या कुत्र्याला फिरायला नेत. हिवाळ्यात सगळीकडे बर्फ. कुत्र्यांच्या मुताने पिवळा झालेला बर्फ ते उचलत आणि दुसरीकडे नेऊन ठेवत. काही जेथ्रोचा स्वतःचा, काही इतर कुत्र्यांचा. मग जेथ्रो कुठे किती वेळ हुंगतो ते पाहत. असे पाच हिवाळे. रस्त्यावरची माणसं काय म्हणत असतील, याची कल्पना करता येते. 2001 साली त्यांनी निष्कर्ष छापले. जेथ्रो स्वतःच्या बर्फाजवळ फारसा थांबत नसे. इतरांच्या बर्फाजवळ रेंगाळे. आपलं कोणतं हे त्याला कळत होतं, आणि कळल्यावर तो पुढे जात होता. आपण नेमके आपल्याच खुणेपाशी थांबतो. फोटोत बारा माणसं असली तरी आधी स्वतःला शोधतो.

कुत्रा म्हणजे तर रोजचा विषय. सकाळी गल्लीतला कुत्रा उभ्या असलेल्या स्कूटरच्या चाकाशी येतो. चाक रात्री दुसऱ्या वस्तीतून आलेलं असतं. तिथल्या खांबांचं, तिथल्या कुत्र्यांचं काहीबाही त्याला चिकटलेलं असतं. आपल्याला वाटतं, आपण फक्त घरी आलो. खरं तर आपण चार वस्त्यांचे निरोप घेऊन आलेलो असतो, न वाचता. कुत्रा ते वाचतो, खाली आपलं नाव घालतो, आणि आपण त्याला हाकलतो.

या व्यवहारात खोटं बोलता येतं का? थोडंफार येत असावं. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी आश्रयगृहातल्या कुत्र्यांचं निरीक्षण करून 2018 साली लिहिलं, की लहान चणीचे कुत्रे पाय जास्त वर उचलतात. खूण उंचावर गेली की खूण करणारा मोठा वाटावा, असा हेतू असू शकेल. वाचून मला हसू आलं. पुढारी, लेखक आणि लग्नपत्रिका छापणारी माणसं यांच्यात हा कुत्रा अगदी शोभून दिसेल. पण त्याच्या खोटेपणालाही मर्यादा आहे. पाय कितीही वर केला तरी वास त्याचाच. उंची वाढवता येते, दुसरा कुणी होता येत नाही.

दुसरा कुणी होण्याची युक्ती माणसाची. ती युक्ती आपल्याकडेही वापरली गेली. 2018 साली यवतमाळ जिल्ह्यात टी-1 ही वाघीण वनखात्याला हवी होती. लोक तिला अवनी म्हणत. तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता, आणि सोबत बछडी होती. तिला शोधायला हत्ती आणले, कॅमेरे लावले, आणि कॅल्विन क्लाइन कंपनीचं 'ऑब्सेशन फॉर मेन' हे अत्तर रानात शिंपडलं. हा वेडेपणा नव्हता. न्यू यॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयात चित्त्यांपुढे निरनिराळी अत्तरं ठेवून पाहिली होती, तेव्हा ते सर्वांत जास्त रेंगाळले ते याच अत्तरापाशी. त्यात जवादी मांजराच्या ग्रंथीतल्या द्रव्याची कारखान्यात केलेली नक्कल असते. पुढे ग्वाटेमालाच्या जंगलात जग्वार कॅमेऱ्यापुढे थांबावेत म्हणूनही ते वापरलं गेलं.

2 नोव्हेंबरच्या रात्री अवनी गोळीने मारली गेली. कोण बरोबर, कोण चूक, यावर पुढे खूप वाद झाला. मेलेल्या माणसांची घरं आणि पोरकी बछडी, दोन्ही खरी होती. माझं मन वेगळ्याच ठिकाणी अडकतं. एका मांजराच्या वासाची नक्कल शहरातल्या पुरुषांनी अंगाला लावावी म्हणून बाटलीत भरली जाते. ती बाटली राळेगावच्या सागवानात रिकामी होते. तिथल्या अंधारात एक वाघीण त्या वासाशी थांबली असेल, तर तिने काय समजावं? वास आहे, पण तो ठेवून जाणारं कुणीच नाही.

हाक खोटी असली तरी उत्तर खोटं नसतं. हे मला विस्कॉन्सिनच्या त्या चित्रफितींतही जाणवतं. बाटलीतली मादी त्या रानात कधी आलेलीच नाही. तरी नर येतो, जीव तोडून माती उकरतो, फांदी चघळतो. कोयोटी खरा पाय वर करतो. अस्वल खरी पाठ घासतं. नसलेल्या एकीभोवती असलेल्या सगळ्यांची नावं गोळा होतात.

इथवर ही गोष्ट गमतीची आहे. पुढची नाही.

हरणांना एक रोग होतो. जनावर खंगत जातं, मान खाली घालून उभं राहतं, लाळ गळते, आणि काही महिन्यांत मरतं. औषध नाही. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज असं त्याचं नाव. 1967 साली कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सच्या संशोधन केंद्रात कोंडलेल्या हरणांत तो प्रथम लक्षात आला. विस्कॉन्सिनच्या रानात तो 2002 साली सापडला. त्याचं कारण जिवाणू नाही आणि विषाणूही नाही. प्रायॉन, म्हणजे घडी चुकलेलं एक प्रथिन. ते दुसऱ्या प्रथिनांना शिवतं आणि त्यांचीही घडी चुकवतं. लाळेतून बाहेर पडतं, लेंड्यांतून पडतं, मुतातूनही पडतं. म्हणजे हरीण जिथं जिथं बोलतं, तिथं तिथं तेही पडतं.

आणि ते विरत नाही. वास काही दिवसांत जातो. पाऊस पडला की आधीच जातो. म्हणून तर नराला पुन्हा पुन्हा यावं लागतं, पुन्हा फांदी चाटावी लागते; विरणं हाच त्या सगळ्या व्यवहाराचा प्राण आहे. प्रायॉन चिकणमातीला धरून वर्षानुवर्षं बसतो. दक्षिण-मध्य विस्कॉन्सिनमध्ये हरणांसाठी ठेवलेल्या खनिज-मिठाच्या जागांवरची माती आणि पाणी संशोधकांनी तपासलं. 2018 साली त्यांनी छापलं, की बहुतेक जागांवर प्रायॉन सापडले. जिथं सगळ्यांना बोलावलं, तिथंच सगळ्यांनी तोंड लावलं. नॉर्वेत 2016 साली रानातल्या रेनडिअरमध्ये हा रोग निघाला, युरोपातला पहिला. नॉर्डफ्येला डोंगराळ भागातला तो सबंध कळप, सुमारे 2000 जनावरं, 2018 च्या वसंतापर्यंत मारून टाकावा लागला. त्यांतली फार थोडी आजारी होती.

बाटलीचा प्रश्न इथं येतो. एका राज्यातल्या फार्मवरचं मूत्र दुसऱ्या राज्याच्या रानात ओतायचं, तेही नेमकं जिथं हरणं नाक आणि जीभ लावणार तिथं. विकणारे म्हणतात, आमच्या बाटलीने रोग गेल्याचा एक तरी दाखला दाखवा. ते म्हणतात त्यात तथ्य आहे, धोका बारीकच असेल. पण प्रायॉन एकदा मातीत गेला की काढून घेता येत नाही. अलास्काने 2012 साली असल्या बाटल्यांना बंदी केली, व्हर्जिनियाने 2015 मध्ये, व्हर्मांटने 2016 मध्ये. मला हे निर्णय योग्य वाटतात. कुणाला बोलवायचं ते आपण ठरवू शकतो. आपल्या हाकेबरोबर आणखी काय जातं, ते आपल्या हातात राहत नाही.

बंदी आल्यावर शिकाऱ्यांनी काय केलं, ते मात्र गमतीदार आहे. काहींनी फांदीऐवजी तागाचा जाडा दोर झाडाला टांगला, टोक पिंजून मोकळं सोडलं, आणि खालची माती उकरून ठेवली. बाटली नाही, थेंब नाही. दोराला हरणाचा कसलाच वास नाही. तरी नर आले. त्यांनी दोर हुंगला, चघळला, कपाळ घासलं, आणि थोड्याच दिवसांत ती जागा त्यांची झाली. त्यांना कुणी बोलवायला नको होतं. थांबायला जागा हवी होती, एवढंच. ज्यांनी हे कॅमेऱ्यात पाहिलं, त्यांतल्या काहींनी जिथं बंदी नाही तिथंही बाटली घेणं सोडून दिलंय.